पेलेजियस खरंच उदार होता का? पाप, कृपा आणि पाचव्या शतकातलं एक भांडण

उत्खनक (धागाकर्ता)

ऑगस्टीन आणि पेलेजियस यांच्या वादाचं एक ठरलेलं चित्र आहे. ऑगस्टीन म्हणजे माणसाला जन्मतःच पापी ठरवणारा करडा बिशप. पेलेजियस म्हणजे माणसाच्या चांगुलपणावर भरवसा ठेवणारा बिचारा उदारमतवादी, ज्याला चर्चनं चिरडलं. मला हे चित्र जवळजवळ उलटं वाटतं. का ते मांडतो. न पटणाऱ्यांनी खुशाल तुटून पडावं.

आधी थोडं मागे जाऊ. पहिल्या तीनशे वर्षांतल्या ख्रिस्ती मंडळींना छळणारा प्रश्न फार व्यवहारी होता: बाप्तिस्मा झाल्यावर माणसानं पाप केलं तर पुढे काय? बाप्तिस्म्यानं आधीचं सगळं धुऊन निघतं यावर एकमत होतं, पण बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. बायबलातल्या इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तर दमच भरलाय, की एकदा प्रकाश मिळून जे पतित झाले त्यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवं करणं अशक्य. दुसऱ्या शतकात रोममधला हर्मास आपल्या दृष्टान्तांत सांगतो की आणखी एक संधी आहे, पण एकच. कार्थेजचा (उत्तर आफ्रिकेतलं बंदर, आजच्या ट्युनिशियात) टर्टुलियन आधी ही दुसरी संधी मान्य करतो, तिला जहाज फुटल्यावर हाती लागलेली फळी म्हणतो. पुढे मोंटानसच्या कडक पंथाकडे झुकल्यावर मात्र व्यभिचाराला चर्चनं क्षमा देऊच नये म्हणून तावातावानं लिहितो.

परिणाम काय झाला? लोक बाप्तिस्माच पुढे ढकलू लागले. सम्राट कॉन्स्टंटाईननं तो ३३७ मध्ये मरणशय्येवर घेतला. खुद्द ऑगस्टीन लहानपणी आजारी पडला तेव्हा घाईनं बाप्तिस्म्याची तयारी झाली होती, पण पोर बरं झालं आणि आई मोनिकानं बेत रहित केला. पुढे तारुण्यात हा काय काय करणार याचा तिला अंदाज होता. (तो बरोबरही निघाला.)

हा प्रश्न खऱ्या अर्थानं पेटला २५० मध्ये. सम्राट डेसियसनं फर्मान काढलं की सर्वांनी देवांना बळी द्यावा आणि दिल्याचा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडलेत: नाव, गाव, "मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे" या अर्थाचा मजकूर, खाली साक्षीदाराची सही. अगदी सरकारी कागद! कार्थेजमध्ये ख्रिस्ती लोक धावत जाऊन बळी देऊन आले, असं तिथला बिशप सिप्रियन दुःखानं लिहितो. कुणी बळी दिला, कुणी नुसता धूप जाळला, कुणी चिरीमिरी देऊन फक्त दाखला मिळवला. वर्षभरात छळ ओसरला आणि हे सगळे चर्चच्या दाराशी परत आले.

सिप्रियनची पंचाईत अशी की तो स्वतः छळाच्या काळात लपून राहिला होता. उलट ज्यांनी तुरुंगात हाल सोसले ते पतितांना सढळ हातानं क्षमेच्या चिठ्ठ्या वाटत होते. तिकडे रोममध्ये नोव्हेशियन म्हणत होता की यांना चर्चनं परत घेऊच नये, देवाला क्षमा करायची तर तो करील. २५१ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं मधला मार्ग काढला. नुसता दाखला घेतलेल्यांना एकेकाची चौकशी करून आत घ्यायचं, आणि बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त करत राहायचं, त्यांना मरताना समेट मिळेल. पुढे नवा छळ येण्याची चिन्हं दिसली तेव्हा तीही अट सैल केली.

म्हणजे वाद असा होता: चर्च हा शुद्ध झालेल्यांचा मेळा आहे, की अजून बऱ्या न झालेल्यांचा? चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनाटसच्या पंथानं तोच प्रश्न पुन्हा काढला. छळाच्या काळात ज्यांनी धर्मग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले, त्यांच्या हातचे संस्कार चालतात का? ऑगस्टीननं उमेदीची कितीतरी वर्षं या "आम्ही तेवढे शुद्ध" म्हणणाऱ्यांशी भांडण्यात घालवली. जून ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही पक्षांची मोठी परिषद झाली आणि निकाल डोनाटसवाल्यांच्या विरुद्ध गेला. त्याच सुमाराला, त्याच शहरात, रोम लुटली गेल्यामुळे पळालेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात पेलेजियस येऊन गेला. ऑगस्टीननं त्याला एकदोनदा पाहिलं, पण परिषदेच्या धावपळीत बोलणं झालं नाही.

पेलेजियस मूळचा ब्रिटनचा. धर्मगुरू नव्हे, विरक्त वृत्तीचा साधा भाविक. रोमच्या बड्या घराण्यांत त्याचा शब्द चाले. एव्हाना ख्रिस्ती असणं सोयीचं झालं होतं. नाव ख्रिस्ताचं आणि चालचलणूक जुनीच, अशांची गर्दी त्याच्यासमोर होती. अशात कुणीतरी त्याला ऑगस्टीनच्या आत्मकथनातली प्रार्थना वाचून दाखवली: "तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचं बळ दे, आणि मग हवी ती आज्ञा कर." पेलेजियस भडकला. बळ देवानं द्यायचं (यालाच ऑगस्टीन कृपा म्हणतो) म्हणजे माणूस हात झटकायला मोकळाच की!

त्याचं म्हणणं सुबक होतं. चांगलं वागण्याची क्षमता देवानं निर्मितीतच दिली आहे. इच्छा आणि कृती आपली. देव अशक्य आज्ञा देत नाही, तेव्हा प्रत्येक आज्ञा पाळता येण्याजोगी आहे. ४१३ मध्ये डेमेट्रियास या खानदानी मुलीनं ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं तेव्हा त्यानं तिला लांबलचक पत्र लिहिलं, त्यात हेच आहे. ऐकायला उमेद देणारं. पण पुढची पायरी बघा: जमतंच म्हटल्यावर न करण्याला सबब उरत नाही. त्याच्या वर्तुळातून आलेला एक निबंध तर सांगतो की श्रीमंतानं संपत्ती सोडल्याशिवाय तारण नाही.

ऑगस्टीनचा बचाव मी वेगळ्या ठिकाणी शोधतो. तो म्हणतो, सगळं चर्च रोज "आमची ऋणे आम्हास सोड" अशी प्रार्थना करतं. पुरा निर्दोष माणूस असता तर त्यानं ही ओळ गाळली असती. एका प्रवचनात तो चांगल्या शोमरोन्याच्या (वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलून नेणाऱ्याच्या) दाखल्यातली उतारशाळा, म्हणजे धर्मशाळा, घेतो आणि म्हणतो, ती उतारशाळा म्हणजे चर्च. जखमी माणूस तिथं हळूहळू बरा होतोय. पडणाऱ्या, उठणाऱ्या, पुन्हा पडणाऱ्या माणसाला या चित्रात जागा आहे. पेलेजियसच्या चर्चमध्ये माझ्यासारख्याला कुणी उभं केलं नसतं.

---

शेवंतीची_वेणी

वाखु (वाचनखूण) साठवली. डेसियसचे दाखले माहीतच नव्हते!

---

निरीश्वर_नाना

छान लिहिलंय, पण वकिली एकतर्फी आहे. उतारशाळा वगैरे ठीक. बाळांचं काय? बाप्तिस्म्याविना मेलेलं चार दिवसांचं पोर नरकात जातं, हे तुमच्या ऑगस्टीनचंच मत ना? "अगदी सौम्य शिक्षा" अशी पुस्ती जोडली म्हणून ती शिक्षा राहत नाही का? ज्यानं काही केलंच नाही त्याला कसली उतारशाळा? या एका मुद्द्यावर मला पेलेजियस शंभर टक्के माणसात असलेला वाटतो.

दुसरं. सगळं कृपेनंच होत असेल तर मठात पहाटे उठायचं कशाला? झोपा काढा, कृपा आली तर उठवेल.

---

उत्खनक

नाना, दुसरा प्रश्न आधी, कारण तो तुमच्याआधी हाद्रुमेटमच्या (आजचं सूस, ट्युनिशिया) मठातल्या भिक्षूंनी विचारलाय. ४२६-२७ च्या सुमारास त्यांच्या हाती ऑगस्टीनचं लिखाण पडलं आणि मठात जुंपली. काहींचं म्हणणं असं, की मग मठाधिपतीनं आम्हाला रागावूही नये, फक्त आमच्यासाठी प्रार्थना करावी. ऑगस्टीनला त्यांच्यासाठी एकामागून एक दोन ग्रंथ लिहावे लागले. सार इतकंच, की रागावणं हेही कृपेचं साधन असू शकतं. मठाधिपतींना हे उत्तर आवडलं असणार.

बाळांबद्दल. इथं गंमत अशी की रूढी आधी आली, सिद्धान्त मागून. साधारण २०० च्या सुमारास टर्टुलियन विचारतो, निष्पाप वयाला पापक्षमेची एवढी घाई कशाला? म्हणजे लोक बाळांना बाप्तिस्मा देत होते आणि त्याला ते पटत नव्हतं. पन्नासेक वर्षांनी त्याच कार्थेजला फिडस नावाचा बिशप पत्रानं विचारतो की आठव्या दिवसापर्यंत थांबावं का. सिप्रियन आणि ६६ बिशप उत्तर देतात की एक दिवसही थांबू नका. बाळानं स्वतः पाप केलेलं नाही, पण आदामाच्या वंशात जन्मल्यामुळे त्या जुन्या मरणाचा संसर्ग त्याला आहे, आणि क्षमा होते ती त्याच्या नव्हे, दुसऱ्याच्या पापाची. ऑगस्टीन हे पत्र पुन्हापुन्हा पुढे करतो. चर्च बाळांना पापक्षमेसाठी बाप्तिस्मा देतं आणि चर्च खोटं वागत नाही, तेव्हा बाळात काहीतरी पाप असलंच पाहिजे. उलट्या दिशेनं चाललेला हा तर्क आहे. तो कुठे जाऊन पोचला ते मलाही भयंकर वाटतं. पण पेलेजियसचा साथीदार सेलेस्टियस जेव्हा म्हणाला की आदामाच्या पापानं फक्त आदामाचं नुकसान झालं, तेव्हा बाळांच्या बाप्तिस्म्याचं नेमकं कारण त्यालाही धड सांगता आलं नाही.

---

पापडीकर

आमच्या वसईत बाळाला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) लवकर उरकायची जी घाई असायची, तिचं मूळ हे आहे तर. माझी आजी सांगायची, बाळ अशक्त निघालं तर फादर येण्याची वाट बघायची नाही. सुईणीनंच कपाळावर पाणी घालून शब्द म्हणायचे. चर्चला ते चालतं, तातडीच्या वेळी कुणीही स्नानसंस्कार देऊ शकतो.

नानांसाठी: कॅथलिक चर्चनं ऑगस्टीनचं ते मत जसंच्या तसं पुढे नेलेलं नाही. मध्ययुगात लिंबोची कल्पना आली, म्हणजे तिथं दुःख नाही पण देवाचं दर्शनही नाही. तीही कधी श्रद्धेचा बंधनकारक भाग झाली नाही. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरशास्त्रीय आयोगानं अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम आधार आहे, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. सोळाशे वर्षं लागली म्हणा.

आणि धाग्यातल्या मुद्द्याला दुजोरा. आम्ही कुमसार (फादरपुढे पापांची कबुली) करायला जातो तेव्हा दर वेळी तीच ती पापं सांगतो. फादरही ओळखून असतात. हर्मासच्या हिशेबानं आमची संधी पहिलीत असतानाच संपली असती.

---

मर्कट_की_मार्जार

हा तर थेट श्रीवैष्णवांच्या दोन शाखांचा वाद! वडकलई म्हणतात माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरतं, तसा जिवानं आपणहून प्रयत्न करायचा. तेंकलई म्हणतात मांजर पिल्लाला तोंडात धरून नेतं, पिल्लानं काही करायचं नाही. पेलेजियस माकडवाला, ऑगस्टीन मांजरवाला. विषय संपला.

---

अंत्युखीय

मर्कट, विषय इतक्यात संपत नाही हो. श्रीवैष्णवांच्या दोन्ही पक्षांना नारायणाची कृपा लागतेच, भांडण आहे ते जिवाचा वाटा किती यावर. पेलेजियसच्या मते मुळात धरायचं बळ पिल्लाच्या जन्मातच आहे, आईला धरण्याची गरजच कमी. तुमच्या माकडाच्या जवळचा माणूस शोधायचा तर तो मार्सेलचा जॉन कॅसियन. तो म्हणतो, कधी कधी चांगल्या इच्छेची सुरुवात माणसाकडून होते आणि देव ती उचलून धरतो. ५२९ मध्ये ऑरेंजच्या धर्मसभेनं हे फेटाळलं: इच्छेची सुरुवातही कृपेनंच. मात्र देवानं काहींना पापासाठीच नेमून ठेवलंय हे म्हणणंही त्याच सभेनं धिक्कारलं.

माझी मूळ तक्रार वेगळी आहे. हा सगळा धागा लॅटिन जगात अडकलाय. ग्रीक आणि सिरियाक ख्रिस्ती लोकांना हे भांडण धड कळलंही नाही. डिसेंबर ४१५ मध्ये पॅलेस्टाईनमधल्या डायोस्पोलिसच्या (लोद) सभेत चौदा बिशपांनी पेलेजियसला निर्दोष सोडलं, ते उगीच नव्हे. पूर्वेकडे प्रश्न गुन्ह्याचा नाही, मरणाचा आहे. आदामाकडून आपल्याला मर्त्यपण मिळालं आणि मरणाच्या भीतीपोटी आपण पाप करतो. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस म्हणतो, देव माणूस झाला तो आपण देवासारखे व्हावं म्हणून. तारण म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, तर कुजत चाललेल्या माणूसपणात पुन्हा जीव ओतणं. त्याआधी दुसऱ्या शतकात इरेनियस आदामाला बालकासारखा मानतो. वाढ व्हायची होती, घसरला. या परंपरेत वारशानं आलेला दोष अशी गोष्टच नाही. तुम्ही पेलेजियस आणि ऑगस्टीन यांत निवड करायला लावता, आणि अर्ध्या ख्रिस्ती जगाला दोघांतला कुणीच नको आहे.

---

नगरी_उपदेशक

अंत्युखीय यांच्याशी बराचसा सहमत, पण प्रेषित पौलाला मध्येच सोडून कसं चालेल? रोमकरांस पत्र काढा. नियमशास्त्राच्या कर्मांवाचून माणूस विश्वासानं नीतिमान ठरतो, हे तिसऱ्या अध्यायात आहे. आमच्या नगरकडच्या मंडळीत हे लहानपणापासून पाठ असतं. याकोब मग म्हणतो की केवळ विश्वासानं नव्हे, कर्मांनीही. त्यावर रविवारच्या शाळेत हमखास हात वर होतो.

धाग्यात "विश्वास" जवळजवळ आलाच नाही हे खटकलं. आपण प्रॉटेस्टंट लोक ऑगस्टीनला ल्यूथरचा पूर्वज मानून मोकळे होतो, पण दोघांत मोठा फरक आहे. ल्यूथरचा भर देव माणसाला ख्रिस्तामुळे नीतिमान *ठरवतो* यावर. ऑगस्टीनच्या मते देव त्याला नीतिमान *करतो*, आयुष्यभर, आतून. म्हणून त्याचं आवडतं वचन गलतीकरांस पत्रातलं, प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास. नुसता विश्वास भुतांनाही असतो, हे याकोबाचं वाक्य तो आनंदानं वापरतो.

आणखी एक. कृपेबद्दलचं हे मत पेलेजियसशी भांडताना तयार झालं असं वाचताना वाटतं. तसं नाही. ३९६ च्या सुमारास, पेलेजियसचं नावही कानावर नसताना, मिलानच्या सिंप्लिशियनला उत्तर लिहिताना तो रोमकरांसच्या नवव्या अध्यायाशी झगडला. आपण माणसाच्या इच्छास्वातंत्र्यासाठी खूप खटपट केली, पण देवाची कृपा जिंकली, असं तो पुढे स्वतःच नोंदवतो. करिंथकरांस पत्रातला एक प्रश्न त्याला सोडवेना: तुझ्याजवळ असं काय आहे, जे तुला मिळालेलं नाही?

---

उत्खनक

उपदेशक, नेमकं. आणि त्याआधीचं त्याचं इच्छास्वातंत्र्यावरचं पुस्तक पेलेजियसनं त्याच्याचविरुद्ध उद्धृत केलं, हा त्यातला सगळ्यात चविष्ट भाग. म्हातारपणी ऑगस्टीननं आपल्या सगळ्या ग्रंथांची उजळणी लिहिली, त्यात या प्रकरणी बरीच सारवासारव आहे.

अंत्युखीय, लॅटिन चौकटीबद्दलची तक्रार रास्त. पण पूर्वेलाही बाप्तिस्म्यानंतरच्या पापाचा प्रश्न होताच. नोव्हेशियनचे अनुयायी तिकडेही शतकानुशतकं टिकले; निकियाच्या सभेला ३२५ मध्ये त्यांना परत घेण्याचे नियम करावे लागले. शुद्धांचा मेळा की जखमींचा, हे भांडण फक्त आफ्रिकेचं नव्हतं.

---

निरीश्वर_नाना

सगळे देवशास्त्रात रमलात, निकाल कसा लागला ते कुणीच सांगत नाही. मी सांगतो. पोप इनोसंटनं जानेवारी ४१७ मध्ये पेलेजियसला बहिष्कृत केलं आणि मार्चमध्ये तो वारला. पुढचा पोप झोसिमस म्हणाला की यात काही वावगं दिसत नाही, आफ्रिकेच्या बिशपांनी घाई केली. मग? ३० एप्रिल ४१८ ला सम्राट होनोरियसचा हुकूम सुटला: पेलेजियस आणि सेलेस्टियसला रोममधून हद्दपार करा. दुसऱ्याच दिवशी कार्थेजला धर्मसभा भरून ठराव झाले. झोसिमसनं घूमजाव केलं. ही काय कृपा होती?

एक्लानमचा ज्युलियन, जो इतर अठरा बिशपांसह पेलेजियसच्या निषेधावर सही न करता घालवला गेला, तो उघड आरोप करतो की ऑगस्टीनचा मित्र अलिपियस ऐंशीहून जास्त पोसलेले घोडे घेऊन दरबारी गेला, अधिकाऱ्यांना वाटायला. जखमींच्या उतारशाळेसाठी घोडे लागतात होय?

---

पापडीकर

नाना, 😄 घोड्यांवर उत्तर नाही.

---

उत्खनक

घोड्यांचा आरोप ज्युलियनचा आहे, आणि ऑगस्टीननं तो धादांत खोटा म्हणून झटकलाय. दोघांचेही शब्द आपल्यापर्यंत पोचले ते ऑगस्टीनच्याच उत्तरातून, कारण तो ज्युलियनचा उतारा द्यायचा आणि खाली खंडन लिहायचा. ते काम ४३० मध्ये अर्धवट राहिलं; त्याच्या हिप्पो शहराला व्हँडल टोळ्यांचा वेढा पडला होता आणि तो त्यातच वारला. पण राजसत्ता वापरली गेली हे खरंच, त्यावर पांघरूण घालत नाही. डोनाटसवाल्यांवर दंड आणि जप्ती आणण्यालाही त्यानं पाठिंबा दिला होता. जखमींना जागा देणारा माणूस ती जागा सोडून जाणाऱ्यांना सक्तीनं परत आणण्याच्या बाजूचा होता. हे दोन्ही मला एकाच माणसात दिसतं आणि त्याची सांगड लावायचा माझा प्रयत्न नाही.

---

शेवंतीची_वेणी

आणि पेलेजियसचं पुढे काय झालं? घोडे, पोप, सम्राट सगळे आले, तो मात्र गायब झाला.

---

उत्खनक

खरंच गायब होतो. ४१८ नंतर त्याचा माग लागत नाही. ४३१ च्या इफिससच्या सभेच्या नियमांत नाव आहे ते सेलेस्टियसचं.

लिखाण मात्र उरलं. पौलाच्या पत्रांवरचं त्याचं भाष्य मध्ययुगभर मठांतून वाचलं जात होतं. नाव टाकलेलं होतं बायबलच्या लॅटिन अनुवादकाचं, जेरोमचं. तोच जेरोम, ज्यानं बेथलेहेमात बसून त्याच्याविरुद्ध संवाद लिहिला आणि त्याला आयरिश लापशीनं सुस्तावलेला म्हटलं (हा टोमणा त्यालाच होता असं बहुतेक जण मानतात). भाष्याचं मूळ रूप वेगळं काढून छापायला विसावं शतक उजाडलं.